पार्क केलेला फिफ्थ व्हील ट्रेलर का हलतो? डुगडुग कमी करण्याची योग्य पद्धत



अमेरिका आणि कॅनडामध्ये ट्रेलर म्हणजे फक्त सुट्टीतली मजा नाही. निवृत्त जोडपी, साइटमागे साइट बदलणारे बांधकाम कामगार, काही महिन्यांच्या करारावर वेगवेगळ्या गावांतल्या हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या नर्स, अशा अनेकांचं ते वर्षभराचं घर असतं. तिकडे नोकरीला असलेली आपली मराठी मंडळीही कधी कधी लाँग वीकेंडला कॅम्पग्राउंडवर आणून लावलेला मोठा ट्रेलर भाड्याने घेतात. मग पहिल्याच रात्री लक्षात येतं की कोणी कूस बदलली तरी अख्खं घर हलतंय. तरुण माणूस हसून सोडून देईल. पण चक्कर येणाऱ्या किंवा गुडघे दुखणाऱ्या वयस्क माणसाला रात्री बाथरूमला जाताना ही हालचाल खरोखर पाडू शकते.

यावर उपाय म्हणून बाजारात ढीगभर वस्तू मिळतात. अडचण अशी की प्रत्येक वस्तू एकाच प्रकारची हालचाल थांबवते, आणि आपला ट्रेलर नेमका कुठल्या दिशेने हलतोय हे न बघता लोक ती विकत घेतात. म्हणून या लेखात आपण आधी कारण शोधू आणि मग उपायाकडे जाऊ. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर आधी बग कुठे आहे ते बघायचं, पॅच नंतर.

फिफ्थ व्हील म्हणजे नक्की काय?

साधा ट्रेलर गाडीच्या मागच्या हुकाला जोडतात. फिफ्थ व्हील ट्रेलरचा पुढचा भाग उंच असतो आणि तो पिकअप ट्रकच्या हौद्यावर येतो. त्या भागाखाली किंगपिन नावाची सुमारे २ इंच जाडीची पोलादी पिन असते. ती हौद्यात बसवलेल्या हिचमध्ये अडकते. उरणजवळ जेएनपीटीच्या रस्त्यावर कंटेनर ओढणारे जे ट्रेलर दिसतात, त्यांची जोडणी याच तत्त्वाची आहे. नाव मात्र घोडागाडीच्या काळातलं आहे. पुढचा आस वळावा म्हणून गाडीखाली एक आडवं चाक बसवायचे, चार चाकांनंतरचं ते पाचवं.

जेएनपीटीचा ट्रेलर ट्रकपासून सोडला की पुढच्या दोन लोखंडी पायांवर उभा राहतो. फिफ्थ व्हीलचंही तसंच. पुढे दोन लँडिंग लेग, मध्ये दोन किंवा तीन आस, आणि मागच्या कोपऱ्यांजवळ दोन स्टॅबिलायझर जॅक. फरक इतकाच की कंटेनरमध्ये कोणी झोपत नाही.

उभा ट्रेलर हलतोच कशाला?

समजा ट्रेलरचं वजन १२,००० पौंड आहे, म्हणजे साधारण ५,४४० किलो. त्यातलं पाचवा हिस्सा वजन किंगपिनवर येतं असं धरू. ट्रक काढून घेतल्यावर हा भार लँडिंग लेगवर जातो. हे पाय किंगपिनपेक्षा चाकांच्या जवळ असल्यामुळे त्यांचा वाटा थोडा वाढतो आणि साधारण पाव हिश्श्यापर्यंत पोचतो. उरलेलं तीन चतुर्थांश वजन, म्हणजे ४ टनांच्या आसपास, अजूनही टायर आणि कमानपाट्यांवरच असतं. थोडक्यात, हे घर स्प्रिंगवर उभं आहे. स्प्रिंगवर ठेवलेली वस्तू हलणारच.

त्यात भर म्हणजे बऱ्याच फिफ्थ व्हीलला शॉक अब्सॉर्बर नसतात. स्प्रिंग धक्का घेते, पण तो शोषणारं कोणी नाही, म्हणून एका पावलाचा धक्का विरायला वेळ लागतो. माणूस चालताना सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो. पहिला हेलकावा थांबायच्या आत दुसरा बसला की हालचाल वाढत जाते. झोपाळ्याला वेळ साधून दिलेल्या झोक्यासारखं.

ही झाली वर-खाली हालचाल. पुढे-मागे हालचालीचं कारण वेगळं आहे. ट्रकपासून सुटलेल्या ट्रेलरला पार्किंग ब्रेक नसतो. चाकांचे इलेक्ट्रिक ब्रेक ट्रककडून वीज मिळते तोपर्यंतच चालतात. ब्रेकअवे स्विच नावाची एक सोय असते, पण ती ट्रेलर धावताना तुटला तर बॅटरीवर ब्रेक लावण्यासाठी आहे. तिचा पार्किंग ब्रेक म्हणून वापर केला तर बॅटरी उतरेल आणि ब्रेकचे मॅग्नेट तापतील. म्हणजे उभ्या ट्रेलरची चाकं मोकळीच असतात. शिवाय दोन आसांच्या पाट्यांमध्ये इक्वलायझर नावाचा झुलता तुकडा असतो. खड्ड्यात एक चाक खाली गेलं की दुसऱ्यावर भार वाटून देणं हे त्याचं काम. रस्त्यावर हा गुण उपयोगी पडतो, पार्किंगमध्ये मात्र तोच झुलत राहतो.

तिसरी हालचाल आडवी, डावीकडून उजवीकडे. इथे दोषी असतात पाय. लँडिंग लेग आणि मागचे जॅक म्हणजे एका नळीत दुसरी नळी. ती सरकायला हवी म्हणून मधे फट ठेवलेली असते. ती फट म्हणजेच आपल्याला जाणवणारा झोल.

आणि चौथी गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे आतली फरशी. ट्रेलर हलका राहावा म्हणून फ्लोअर पातळ ठेवलेला असतो. एकाच जागी पाय ठेवल्यावर तिथलाच भाग दबत असेल, तर बाहेर कितीही जॅक लावा, फरक पडणार नाही.

आधी मोजा, मग खर्च करा

तुमच्या खिशातला फोन इथे कामाला येतो. प्रत्येक स्मार्टफोनमध्ये अॅक्सेलरोमीटर असतो. जर्मनीतल्या आखेन शहरातल्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाने बनवलेलं फायफॉक्स नावाचं मोफत अॅप त्याचे आकडे ग्राफच्या रूपात दाखवतं. त्यात गुरुत्वाकर्षण वजा करून प्रवेग मोजण्याचा पर्याय आहे, तो निवडा.

फोन फरशीवर उताणा ठेवा, त्याची लांबी ट्रेलरच्या लांबीला समांतर. आता एक्स म्हणजे आडवी हालचाल, वाय म्हणजे पुढे-मागे, झेड म्हणजे वर-खाली. एका माणसाला ३० सेकंद नेहमीच्या चालीने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला सांगा. ज्या रेषेची उडी सगळ्यात मोठी, तो तुमचा खरा प्रश्न. नंतर कुठलाही बदल केला की त्याच माणसाला त्याच चालीने पुन्हा चालवा आणि ग्राफ ताडून बघा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

हे थोडं अति वाटेल, पण ‘बरं वाटतंय आता’ आणि ‘खरंच कमी झालंय’ यात फरक असतो. विशेषतः नुकतेच पैसे खर्च केल्यावर.

ट्रेलर लावण्याचा क्रम: निम्मं काम इथेच होतं

नवीन वस्तू घेण्याआधी हा भाग नीट करून बघा. बऱ्याच ट्रेलरमध्ये निम्मी डुगडुग फक्त घाईने लावल्यामुळे असते.

ट्रक जोडलेला असतानाच आधी डावी-उजवी पातळी बघा. जी बाजू खाली आहे तिथल्या सगळ्या टायरखाली लेव्हलिंग ब्लॉक किंवा जाड फळ्या ठेवून ट्रेलर त्यावर चढवा. टायरची पूर्ण रुंदी फळीवर यायला हवी, अर्धा टायर बाहेर लटकला तर त्याची कड खराब होते. लँडिंग लेगने ही बाजूची पातळी साधायचा प्रयत्न करू नका, त्यात चासी पिळली जाते.

मग चाकांना चॉक लावा, दोन्ही बाजूंना, पुढून आणि मागून. आपल्याकडे चढावर ट्रक थांबवला की क्लीनर उडी मारून चाकाखाली दगड लावतो, तेच हे काम. पण ते ट्रक सोडवायच्या आधी झालं पाहिजे. हे मुद्दाम वेगळं सांगतोय, कारण किंगपिन सुटल्याक्षणी ५ टनांचं घर अडवायला या चॉकशिवाय दुसरं काहीही नसतं. यावेळी कोणीही आत नको आणि कोणीही खाली नको.

त्यानंतर लँडिंग लेग खाली घ्या, ट्रक सोडवा आणि त्याच पायांनी पुढची-मागची पातळी आणा. इथे एक युक्ती आहे. पुढचा भाग पातळीपेक्षा एखाद-दोन इंच खाली घ्या. चाकांवर तोल असल्यामुळे मागचा भाग वर जातो. आता मागचे जॅक जमिनीला घट्ट टेकवा आणि पुढचा भाग पुन्हा पातळीवर आणा. मागचा भाग खाली येताना जॅकवर दाबून बसतो. नुसत्या टेकलेल्या जॅकपेक्षा असा दाबलेला जॅक कितीतरी चांगला धरतो. पण इंच-दोन इंचच. मागचे जॅक आधार देण्यासाठी असतात, ट्रेलर उचलण्यासाठी नाही. त्यांच्यावर सगळा भार घातला तर जॅक वाकतो, कधी चासीही.

स्लाइडआउट म्हणजे भिंतीतून बाहेर सरकणारी खोली. ती कधी उघडायची, जॅक घट्ट करण्याआधी की नंतर, याबाबत प्रत्येक उत्पादकाचं सांगणं सारखं नसतं. तुमच्या मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच करा. स्लाइडआउटखाली लावायचे वेगळे टेकू मिळतात, ते मी घेणार नाही. ट्रेलर स्प्रिंगवर थोडा खाली बसतो, टेकू मात्र जागचा हलत नाही, आणि मधल्या मधे स्लाइडच्या यंत्रणेवर ताण येतो.

पाय जितका आखूड तितका ताठ

हा फुकटातला सगळ्यात चांगला उपाय आहे. लँडिंग लेगमधून बाहेर आलेली आतली नळी जितकी लांब, तितकी ती जास्त लवचिक. मेकॅनिकल किंवा सिव्हिलवाल्यांना कॅन्टिलिव्हर बीमचं सूत्र आठवेल: एका टोकाला धरलेल्या दांड्याचं वाकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे बाहेर आलेला भाग निम्मा केला तर त्याचं वाकणं आठव्या हिश्श्यावर येतं. नळ्यांमधल्या फटीमुळे होणारा झोलही निम्मा होतो.

करायचं काय? पायाखाली मजबूत लाकडी ठोकळे रचा आणि पाय कमीत कमी बाहेर काढा. ठोकळे एकमेकांवर आडवे-उभे रचून रुंद पाया करा, एकावर एक उंच मनोरा करू नका. काँक्रीटचे पोकळ ब्लॉक वापरू नका, ते एका जागी भार आला की अचानक फुटतात. मागच्या जॅकलाही हाच नियम.

ठोकळ्याचा दुसरा फायदा जमिनीला होतो. पायाची थाळी ६ बाय ६ इंचांची असेल तर तिचं क्षेत्रफळ ३६ चौरस इंच. तिच्याखाली १२ बाय १२ इंचांची जाड फळी ठेवली की १४४. दाब थेट पाव. मऊ माती किंवा पावसाने भिजलेल्या गवतावर हा फरक दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांना दिसतो. फळी नसेल तर थाळी रुतते, आणि एक पाय रुतला की बाकीच्यांवरचा भार बदलतो. हॉटेलातल्या टेबलाच्या पायाखाली आपण कागदाची घडी सरकवतो, पण घडीच चिखलात ठेवली तर काय उपयोग?

पुढे-मागे हलत असेल तर चाकं बांधा

फोनच्या ग्राफमध्ये वाय रेषा मोठी आली असेल तर लक्ष चाकांकडे द्या. साधे चॉक चाक घरंगळू देत नाहीत, पण चॉक आणि टायर यांच्यात थोडी जागा राहतेच. तेवढ्यात ट्रेलर पुढे-मागे होतो. यासाठी एकाच बाजूच्या दोन टायरच्या मधे बसणारा चॉक मिळतो. बाल कंपनीचा एक्स-चॉक त्यात प्रसिद्ध आहे. पान्याने नट फिरवला की तो पसरतो आणि पुढच्या टायरला पुढे, मागच्याला मागे दाबतो. दोन्ही चाकं एकमेकांना अडवून धरतात. दोन्ही बाजूंना एक-एक लावायचा. तीन आसांचा ट्रेलर असेल तर दोन फटी होतात.

माझ्या मते पहिला खर्च करायचाच असेल तर याच्यावर करा. मात्र साधे चॉक काढून टाकू नका, हा त्यांच्या सोबतीला आहे, बदल्यात नाही.

एक बारीक गोष्ट: टायरमधली हवा तापमानाबरोबर बदलते. ८० पीएसआय हवा भरलेल्या टायरचं तापमान १० अंश सेल्सिअसने उतरलं तर दाब सुमारे ३ पीएसआयने कमी होतो. दुपारी उन्हात घट्ट केलेला चॉक पहाटे सैल वाटतो तो यामुळे. उलट, थंडीत जोर लावून आवळला तर दुपारी तो टायरवर गरजेपेक्षा जास्त दाबतो. घट्ट बसला की थांबा.

आडवी डुगडुग: चौकोनाचा त्रिकोण करा

बांधकामावरची परांची किंवा लग्नाचा मांडव नीट बघा. उभे-आडवे बांबू बांधून झाले की एक बांबू तिरका बांधतात. ऑफिसातल्या लोखंडी रॅकच्या मागेही एक्सच्या आकारात पट्ट्या असतात. कारण चौकोन कोपऱ्यात ढिला पडून कलंडू शकतो, त्रिकोणाची बाजू तुटल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही.

ट्रेलरखाली दोन लँडिंग लेग, वर चासी, खाली जमीन, असा चौकोनच असतो. पायाच्या खालच्या टोकापासून चासीपर्यंत तिरका दांडा बसवला की त्याचे त्रिकोण होतात. जेटी स्ट्राँग आर्म आणि स्टेडीफास्ट ही या कामाची परिचित नावं. दांडा एकदा चासीला कायमचा बसवायचा, मुक्कामी पोचल्यावर पाय टेकवून घट्ट करायचा. पुढच्या पायांना असे दांडे एका आडव्या दिशेला आणि एका लांबीच्या दिशेला असले तर एक्स आणि वाय दोन्ही रेषा खाली येतात. आडव्या हालचालीवर याच्याइतका परिणामकारक उपाय मला दुसरा दिसत नाही. महाग आहे, बसवायला वेळही लागतो, म्हणून एका वीकेंडसाठी कोणी करू नये. वर्षभर राहणाऱ्याने जरूर करावा.

धोका एकच. दांडे घट्ट असताना पाय वर-खाली केले तर मोटर जोर लावते आणि काहीतरी वाकतं. आधी दांडे सैल, मग पाय. ट्रकच्या स्टिअरिंगला चिठ्ठी अडकवून ठेवा.

किंगपिनखालची तिवई

पुढचा उंच भाग, जिथे बहुतेक वेळा बेडरूम असते, तो लँडिंग लेगच्या पुढे हवेत लोंबतो. झोपलेल्या माणसाला वर-खाली हेलकावे सगळ्यात जास्त इथेच जाणवतात. किंगपिनखाली उभी करायची तीन पायांची तिवई मिळते. तीन दगडांची चूल कशीही मांडली तरी डुगडुगत नाही, त्याच कारणाने तिवईला ओबडधोबड जमीन चालते. तिने वर-खाली हालचाल कमी होते, आडवी फारशी नाही. झेड रेषा मोठी असेल तर घ्या. आणि ती नुसती टेकवून थोडी घट्ट करा, सगळा भार लँडिंग लेगवरून तिच्यावर नेऊ नका.

झेड रेषा मधल्या भागात मोठी असेल तर चाकांच्या अगदी पुढे आणि मागे चासीच्या मुख्य बीमखाली आधार लावल्याने फरक पडतो. खालच्या प्लास्टिकच्या आवरणाला टेकू नका, ते फक्त झाकण आहे.

महागड्या ट्रेलरमध्ये सहा हायड्रॉलिक जॅक असतात, पुढे दोन, मध्ये दोन, मागे दोन. बटण दाबलं की ट्रेलर आपोआप पातळीवर येतो. त्यांचे पाय जाड असल्यामुळे डुगडुगही कमी. तिथेही टायर जमिनीवरून पूर्ण उचलू देऊ नका.

वारा असेल तर

उघड्या मैदानात वाऱ्याचा हिशोब मोठा होतो. बाजूची भिंत ३५ फूट बाय १० फूट धरली तर ३५० चौरस फूट. ताशी ६४ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस फुटाला साधारण ४ पौंड, म्हणजे भिंतीवर १,४०० पौंडांच्या वर, ६५० किलोच्या आसपास. वाऱ्याचा वेग निम्मा झाला तर हा जोर पाव होतो. म्हणून जागा निवडायला मिळाली तर ट्रेलरचं तोंड वाऱ्याकडे करा. जोराचा वारा सुटणार असेल तर बाहेरचं छत आधी गुंडाळा, स्लाइडआउट आत घ्या. एका रात्रीचाच मुक्काम असेल तर ट्रक जोडलेलाच ठेवता येतो, फक्त लँडिंग लेग टेकवून थोडा भार त्यांच्यावर घ्या. ट्रकची स्प्रिंगही हलते, त्यामुळे यातून चमत्काराची अपेक्षा नको.

दुसऱ्या दिवशी आणि निघताना

ट्रेलर लावल्यावर २४ तासांत जमीन थोडी दबते. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा पातळी बघा, प्रत्येक जॅक हाताने हलवून बघा, टायरमधला चॉक पुन्हा आवळा. पाऊस पडून गेल्यावर हेच परत. पाच मिनिटांचं काम आहे.

निघताना क्रम उलटा. तिरके दांडे सैल करा, तिवई काढा, मागचे जॅक वर घ्या, टायरमधले चॉक काढा. ट्रक जोडून किंगपिन नीट अडकल्याची खात्री करा, लँडिंग लेग वर घ्या, आणि साधे चॉक सगळ्यात शेवटी काढा.